लंडनच्या पोलिसांत असलेले पणजोबा : नोकरीचे जुने कागद कुठे आणि कसे सापडतात

टेम्सकाठची

माझ्या नवऱ्याचे पणजोबा व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत कॉन्स्टेबल होते. घरात त्यांचा एक फोटो आहे: हेल्मेट, झुपकेदार मिशा, कॉलरवर पुसट नंबर. आणि एक दंतकथा आहे, की जॅक द रिपरला (१८८८ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात बायकांचे खून करणारा, कधीच न सापडलेला खुनी) पकडायला ते तिथे रात्र-रात्र फिरत होते. पोलीस पूर्वज असलेल्या बहुतेक इंग्रज घरांत ही कथा असते. आपल्याकडे कसा प्रत्येकाचा कोणी ना कोणी पानिपतावर लढलेला असतो, तसंच.

सासरे नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्या वडिलांचा जन्म पेम्ब्रोक डॉकचा, म्हणजे वेल्सच्या पार पश्चिम टोकाचा. लंडनच्या हवालदाराला पोर तिकडे कसं झालं, हे त्यांना कधी कोणी सांगितलं नाही. मला तेवढं निमित्त पुरलं. इथे बरेच जण इंग्लंड-आयर्लंडमध्ये आहेत, काहींची लग्नं इथल्याच घरांत झाली आहेत, म्हणून शोधाची वाट लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करायची गोष्ट : माणसाचा किती कागद उरला, हे त्याने नोकरी कशी केली यावर नाही, नोकरी कशी सुटली यावर ठरतं. पेन्शन घेऊन गेला असेल तर तुमचं नशीब. राजीनामा दिला किंवा हाकलला गेला, तर एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. शौर्य, हुशारी, चोर किती पकडले, यातलं फारसं काही कुठे नसतं. सरकारला पैसे कोणाला, किती आणि कुठवर द्यायचे याची काळजी होती, म्हणून ते कागद राहिले.

कागद आहेत लंडनच्या नैऋत्येला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या दप्तराला 'मेपो' अशी खूण आहे. आपल्या कामाचे मुख्य गठ्ठे असे :

मेपो २१ म्हणजे पेन्शनचे कागद, १८५२ ते १९३२. हे सोनं आहे. पेन्शन नंबराप्रमाणे लावलेत, म्हणजे ढोबळमानाने माणूस निवृत्त झाला त्या क्रमाने. मेपो ४ मध्ये बाकीची रजिस्टरं. भरती झालेल्यांची वर्णानुक्रमे यादी १८३० ते १८५७ आणि मग एकदम १८७८ ते १९३३. मधली वीस-एकवीस वर्षं गायब, आणि नेमकी त्याच काळात आपली माणसं भरती झालेली असतात! ती फट अर्धीमुर्धी बुजवायला शपथेची रजिस्टरं आहेत, फेब्रुवारी १८६९ पासूनची. त्यात भरतीच्या वेळची सही आणि साक्षीदार मिळतात. नोकरी सोडणाऱ्यांची रजिस्टरं मार्च १८८९ पासून, आणि सेवेचे दाखले जानेवारी १८८९ ते नोव्हेंबर १९०९.

आमचे पणजोबा १८७३ साली भरती झाले. म्हणजे बरोब्बर त्या फटीत. पण १८९८ मध्ये पंचवीस वर्षं भरून बाहेर पडले. १८९० च्या पोलीस कायद्याने पंचवीस वर्षांनंतर पेन्शन हा हक्क झाला होता. त्याआधी ती वरिष्ठांच्या मर्जीवर असे. त्यामुळे मेपो २१ मध्ये त्यांचा कागद मिळाला. छापील फॉर्म, मधल्या जागा शाईने भरलेल्या. उंची ५ फूट ९ इंच आणि वर पाव, केस तपकिरी, डोळे करडे, डाव्या कोपराखाली जुन्या जखमेची खूण. जन्म सफोकमधल्या एका खेड्यात, आईबापांची नावं, लग्न कधी आणि कुठे, पेन्शन घेऊन कुठे राहणार तो पत्ता. (वर्णन कशासाठी? पेन्शन घ्यायला भलताच कोणी येऊ नये म्हणून.) आणि खाली कोणत्या डिव्हिजनला (पोलिसांचा विभाग, प्रत्येकाला एक अक्षर) कधीपासून कधीपर्यंत : आधी आर, म्हणजे ग्रिनिच. मग १८८४ पासून पाचवी डॉकयार्ड डिव्हिजन. मग पुन्हा आर.

पाचवी डॉकयार्ड म्हणजेच पेम्ब्रोक. १८६० पासून शाही आरमाराच्या गोद्यांचा पहारा मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे आला. एक वुलिच, दोन पोर्ट्समथ, तीन डेव्हनपोर्ट, चार चॅटम, पाच पेम्ब्रोक. सासऱ्यांच्या वडिलांच्या जन्मदाखल्यावर तारीख नोव्हेंबर १८८८ ची आणि बापाचा धंदा 'गोदीतला पोलीस कॉन्स्टेबल'. व्हाइटचॅपेलमधला शेवटचा गाजलेला खून, मेरी केलीचा, ९ नोव्हेंबर १८८८ चा. आमचे पणजोबा तेव्हा वेल्समध्ये गोदीच्या फाटकावर कामगारांचे डबे तपासत उभे असणार.

सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "डबे तपासायचं काम जास्त अवघड."

---

खडूफळा

झकास. पण पणजोबांचं आडनाव जरा वेगळं असेल म्हणून सापडलं. माझ्या मैत्रिणीचे पूर्वज जॉन स्मिथ आहेत. लंडन पोलिसांत जॉन स्मिथ किती असतील? नाव टाकलं की पानंच्या पानं येतात.

---

टेम्सकाठची

नावाच्या मागे लागूच नका, नंबर धरा. पण नंबर दोन असतात.

वॉरंट नंबर भरतीच्या क्रमाने दिला जाई आणि नोकरीभर तोच राही. १८२९ च्या सप्टेंबरात पोलीस दल उभं राहिलं तेव्हा पहिला, म्हणजे १ हा नंबर मिळाला विल्यम अॅटकिन्सनला. हा गडी पहिल्याच दिवशी दारू प्यायला म्हणून घरी गेला. पण नंबर त्याच्याच नावावर राहिला. नंबर क्रमाने असल्यामुळे वॉरंट नंबरवरून भरतीचा सुमार लागतो, आणि भरतीच्या तारखेवरून नंबरचा.

फोटोत कॉलरवर दिसतो तो दुसरा. डिव्हिजनचं अक्षर आणि त्या डिव्हिजनमधला नंबर. बदली झाली की हा बदलतो. गेलेल्या माणसाचा नंबर नव्या पोराला मिळतो. त्यामुळे एकाच 'एच १२०' नंबरावर वीस वर्षांत चार माणसं होऊन गेलेली असू शकतात.

स्मिथसाठी : मुलांचे जन्मदाखले गोळा करा. बापाचा धंदा आणि पत्ता मिळतो. पत्त्यावरून डिव्हिजनचा अंदाज येतो. लग्नाआधीची नोंद हवी असेल तर १८७१, १८८१ च्या जनगणनेत 'सेक्शन हाउस' पाहा. बिनलग्नाचे कॉन्स्टेबल तिथे एकत्र राहायचे, पानभर पोलीसच पोलीस.

आणि ओल्ड बेलीचे, म्हणजे लंडनच्या मुख्य फौजदारी कोर्टाचे खटले. १९१३ पर्यंतचे सगळे ऑनलाइन, फुकट. साक्ष द्यायला आलेल्या पोलिसाच्या नावापुढे 'पोलीसमन, के ३४' अशा थाटात डिव्हिजन आणि नंबर छापलेला असतो. ते सापडलं की स्मिथ एकदम एकटा पडतो.

---

नाईट_ड्यूटी

मी महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त. हे वाचून हसू आलं. आमचा बक्कल नंबर असाच. जिल्हा बदलला की बक्कल बदलला. मी तीन बक्कल नंबर वापरलेत आणि माझ्या जुन्या नंबरावरच्या पोराला माझ्या नावाचे समन्स बरीच वर्षं येत होते. आता पगाराचा सेवार्थ आयडी आला, तो मात्र कुठेही जा, तुमच्याबरोबर येतो.

एक विचारतो. शिक्षा, चौकशा, बक्षिसं कुठे नोंदतात? आमच्याकडे सर्व्हिस शीट हातात घेतली की पहिलं तेच पान उघडतात.

---

टेम्सकाठची

काका, लंडनच्या बाबतीत त्यासाठी मेपो ७, म्हणजे 'पोलीस ऑर्डर्स'. रोज निघणारे हुकूम. कोणाची बदली, कोणाला बढती, कोण बडतर्फ, कोणाला बक्षीस. १८२९ पासूनचे आहेत. पण तारखेच्या क्रमाने, त्यामुळे तारीख हाताशी नसेल तर गवतात सुई. पेन्शनच्या कागदावरून बदलीच्या तारखा मिळाल्या की मग तिकडे जायचं. उलट्या क्रमाने गेलात तर डोळे जातील.

---

दप्तरी_किडा

टेम्सकाठची यांनी दंतकथा निकालात काढली ते ठीक, पण डिव्हिजन बघून लगेच 'हा व्हाइटचॅपेलमध्ये नव्हता' असं म्हणता येत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. १८८८ च्या शरदात दुसऱ्या डिव्हिजनांतले पोलीस तिथे तात्पुरते धाडले होते. गोलस्टन स्ट्रीटमध्ये ३० सप्टेंबरच्या पहाटे त्या रात्री खून झालेल्या बाईच्या एप्रनचा रक्ताळलेला तुकडा सापडला तो आल्फ्रेड लाँग या कॉन्स्टेबलला. त्याचा नंबर २५४ ए. 'ए' म्हणजे व्हाइटहॉल! कॉलर सांगते माणूस कोणाच्या हजेरीपटावर आहे. त्या रात्री तो कुठे उभा होता ते नाही. (हा लाँग पुढच्याच जुलैत ड्यूटीवर दारू प्यायल्याबद्दल बडतर्फ झाला.)

दुसरं. ३१ ऑगस्टला बक्स रोमध्ये मेरी अॅन निकोल्सच्या प्रेताजवळ पोचलेला पहिला पोलीस जॉन नील, ९७ जे. 'जे' ही बेथनल ग्रीनची डिव्हिजन १८८६ सालीच निघालेली. म्हणजे १८८० च्या कागदात 'जे' दिसली तर शंका घ्यायची.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं : लंडनमध्ये पोलीस दलं दोन. मधल्या जुन्या चौरस मैलापुरतं सिटी ऑफ लंडन पोलीस वेगळं, आणि आजही वेगळंच. मायटर स्क्वेअरमध्ये कॅथरिन एडोजचं प्रेत सापडलं तो एडवर्ड वॉटकिन्स, ८८१, सिटीचा. कॉलरवर अक्षर नसून नुसता मोठा नंबर आणि 'सिटी' दिसलं, तर क्यूला जाऊन उपयोग नाही. ते कागद क्लार्कनवेलच्या लंडन आर्काइव्ह्जमध्ये. सिटीच्या दप्तरात बऱ्याच जणांच्या स्वतंत्र फायली राहिल्यात, मेटपेक्षा (मेट्रोपॉलिटन पोलिसांपेक्षा) कितीतरी भरगच्च.

---

टेम्सकाठची

@दप्तरी_किडा, मान्य. पण पेम्ब्रोकहून कोणाला व्हाइटचॅपेलला उसना मागवल्याचं मला तरी कुठे दिसलं नाही. आणि घरी ओली बाळंतीण. मी दंतकथा पुरूनच टाकतेय.

---

बारामाही

एक विचारू का, रागावू नका. आपण इथे साहेबाच्या पोलिसाचे डोळे करडे की निळे हे शोधतोय, आणि आपल्याच खापरपणजोबांचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसतं. हे कौतुक कशाला?

---

खडूफळा

बारामाही, धागा ज्या विषयाचा आहे त्यावर बोलू. आणि तुमचा मुद्दा खरा असेल तर 'आपले कसे शोधायचे' असा नवीन धागा काढा, आम्ही येऊच.

---

टेम्सकाठची

रागावले नाही. माझ्या मुलांचे ते खापरपणजोबा आहेत, म्हणून. आणि माझ्या माहेरच्यांचंही शोधलंय. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या उपाध्यायांच्या वहीत सहा पिढ्या मिळाल्या. फक्त तिथे उंची लिहिलेली नाही.

---

शॅनन

मी डब्लिनजवळ असतो. बायको इथलीच. तिच्या घरी रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीतले, म्हणजे ब्रिटिश अमलातल्या आयर्लंडच्या पोलीस दलातले एक निघाले आणि बराच काळ घरात कोणी त्याबद्दल बोलायचं नाही. कारण इतिहास माहीत असेल त्यांना सांगायला नको. स्वातंत्र्याच्या लढाईत हे लोक सरकारच्या बाजूचे.

पण शोधायला सगळ्यात सोपं तेच निघालं. त्यांची रजिस्टरंही क्यूलाच आहेत, खूण 'एचओ १८४', १८१६ पासून १९२२ ला दल मोडेपर्यंत. प्रत्येक माणसाची एक ओळ : भरतीचं वय, उंची, धर्म, मूळ जिल्हा, आधीचा धंदा, लग्नाची तारीख, कुठे कुठे नेमणूक, बक्षिसं, दंड, कसा सुटला. गंमत म्हणजे बायकोचं नाव नाही, बायकोचा *जिल्हा* आहे. कारण नियमच होता : स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक नाही, बायकोच्या माहेरच्या जिल्ह्यातही नाही. सोयरेधायरे आडवे येऊ नयेत म्हणून. लग्नाला सुद्धा परवानगी, तीही नोकरीची ठरावीक वर्षं भरल्यावर.

आमच्या यांच्या ओळीत लग्नानंतर सहा महिन्यांत बदली आहे. घरात म्हणायचे वरिष्ठाशी भांडण झालं होतं. कसलं भांडण, बायको त्याच जिल्ह्यातली निघाली!

---

नाईट_ड्यूटी

सासुरवाडीत नेमणूक नको हा नियम ज्याने केला तो अनुभवी माणूस असणार.

---

पाचपाखाडी

मी बारामाहींचा प्रश्न पुढे नेतो, नवीन धागा नको. माझे खापरपणजोबा १८८०-९० च्या सुमारास ठाणे जिल्ह्यात फौजदार होते. आजीकडे त्यांचा पट्टा होता असं म्हणतात. त्यांचं असं काही मिळेल का? की मेपोसारखं आपल्याकडे काही नाहीच?

---

दप्तरी_किडा

मेपो २१ सारखा, साध्या शिपायाची उंची आणि आईबापांची नावं देणारा सलग गठ्ठा मी तरी आपल्याकडे पाहिलेला नाही. पण अगदीच कोरडं नाही. तुमच्यासाठी क्रम असा धरतो :

तुमचे पूर्वज फौजदार होते ही चांगली गोष्ट. इंग्रजी कागदात त्या वेळी जिल्ह्यातला फौजदार 'चीफ कॉन्स्टेबल' म्हणून येतो. 'सब-इन्स्पेक्टर' शोधत बसलात तर १८८५ साली काही मिळणार नाही, तो हुद्दा १९०२-०३ च्या पोलीस कमिशननंतर सगळीकडे रुळला. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे न्यायखात्याच्या, म्हणजे ज्युडिशियल डिपार्टमेंटच्या बांधीव खंडांत पोलीस येतात. वर्षवार अनुक्रमणिका असते. माणसाच्या नावाने आणि जिल्ह्याच्या नावाने, दोन्ही बाजूंनी पाहा. खालच्या हुद्द्याचा माणूस तिथे बहुतेक वेळा एखाद्या अर्जामुळे पोचतो : पेन्शन, जखमेबद्दल मदत, बडतर्फीविरुद्ध दाद. सरळ नोकरी करून सरळ घरी गेला असेल तर अवघड. म्हणजे टेम्सकाठची यांचंच सूत्र, फक्त इथे भांडणारा माणूस जास्त सापडतो.

मुंबई शहर पोलिसांतले असते तर आणखी एक सोय होती. एस. एम. एडवर्ड्स १९०९ ते १९१६ मुंबईचे पोलीस कमिशनर होते. त्यांनी लिहिलेला शहर पोलिसांचा इतिहास १९२३ ला छापला गेला. त्यात एकेका कमिशनरच्या कारकिर्दीप्रमाणे प्रकरणं आहेत, फ्रँक सूटरपासून (१८६४ ते १८८८) पुढे, आणि हाताखालच्या काही देशी अधिकाऱ्यांची नावंही येतात. साहेबी चष्म्यातून लिहिलंय, तेवढं धरून वाचायचं.

आणि पूर्वज युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन असेल तर वाट तिसरीच : लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याचं दप्तर. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या मुंबई इलाख्याच्या नोंदी तिथे 'एन ३' खाली आहेत.

---

पाचपाखाडी

बडतर्फीची दाद! आजोबा म्हणायचे की त्यांचं आणि एका मामलेदाराचं वाजलं होतं. आता आशा वाटतेय. :)

---

चहाटळ

वाचतोय, मजा येतेय. एक प्रॅक्टिकल शंका. क्यूला जायचं तर आधी काय काय लागतं? मुलीकडे उन्हाळ्यात जाणार आहे, एक दिवस काढता येईल.

---

टेम्सकाठची

मूळ कागद हातात घ्यायचे तर रीडर्स टिकेट काढावं लागतं. फुकट आहे. ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे न्या. पत्त्याच्या पुराव्याचे नियम त्यांच्या साइटवर बघून घ्या, तुमचा पत्ता भारतातला असेल. कागद आधीच मागवून ठेवलेत तर दिवस वाया जात नाही. आत शाईचं पेन चालत नाही, शिसपेन्सिलच. पिशव्या बाहेर लॉकरमध्ये. मोबाइलने फोटो काढू देतात, पैसे पडत नाहीत. तेव्हा तिथे बसून उतरवू नका, फोटो काढून घरी वाचा. जेवणाचा डबा खालच्या मजल्यावर खाता येतो. काही रजिस्टरं आता पैसे भरायच्या वंशावळीच्या साइट्सवरही आहेत, पेन्शनची त्यात आहेत. ती आधी तपासा, नाहीतर घरबसल्या दिसणारं पाहायला दिवस जायचा.

---

गोधडी

उशिरा आले. माझ्या सुनेचे पूर्वज मेटमध्ये होते, पण १८७९ ला भरती आणि १८८४ च्या आत नोकरी सुटलेली, म्हणजे पेन्शन नाही. दाखले १८८९ पासून, सोडणाऱ्यांचं रजिस्टरही १८८९ पासून. मग आम्ही काय करायचं, हात चोळत बसायचं?

---

टेम्सकाठची

गोधडीताई, तुमची केस वाईट आहे पण मेलेली नाही. भरती १८७९ ची म्हणजे फट संपल्यावरची. वर्णानुक्रमाच्या रजिस्टरात नाव असायला हवं, तिथून वॉरंट नंबर आणि तारीख. तो नंबर घेऊन शपथेच्या रजिस्टरात जा, सही मिळेल. १८८१ ची जनगणना ३ एप्रिलच्या रात्रीची आहे, तेव्हा पोलिसांत होते का पाहा. त्यानंतर एखाद्या मुलाच्या दाखल्यावर बापाचा धंदा बदललेला दिसेल, गाडीवाला, रखवालदार, काहीही. शेवटचा 'पोलीस' आणि पहिला 'पोलीस नाही' या दोन तारखांमधले पोलीस ऑर्डर्स चाळायचे. आणि नोकरीत असतानाच वारले नाहीत ना, हे आधी बघा. सेवेत असताना मेलेल्यांची १८२९ ते १८८९ ची वेगळी नोंदवही आहे, मेपो ४/२.

---

गोधडी

नाही हो, मेले नाहीत. १८९१ ला डेप्टफर्डमध्ये दारूचं दुकान चालवत होते.

---

दप्तरी_किडा

मग परवान्याची नोंद असेल. दारूच्या दुकानाचा परवाना मॅजिस्ट्रेट द्यायचे, आणि अर्ज आला की पोलिसांचं मत विचारायचे. स्थानिक वर्तमानपत्रात परवान्यांच्या बैठकीच्या बातम्या येतात, त्यात 'पूर्वी पोलिसांत होता' असं कोणी तरी म्हटलेलं सापडण्याची चांगली शक्यता आहे. डेप्टफर्ड तेव्हा केंटमध्ये मोडायचं, १८८९ पासून लंडन काउंटीत. वर्तमानपत्रं दोन्हीकडची बघा.

---

गोधडी

हे सुचलंच नसतं. सुनेला आत्ताच धागा पाठवला, ती म्हणते आधी वॉरंट नंबर. मिळाला की इथे टाकते.